दोनदा सील बदलूनही मागच्या अ‍ॅक्सलमधून तेल का गळते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या जुन्या गाडीत डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) पुढच्या टोकाशी तेल गळत होते, म्हणून पिनियनचे (तिच्यात पुढून शिरणाऱ्या लहान गिअरच्या दांड्याचे) ऑइल सील बदलले. काही महिन्यांत गळती पुन्हा सुरू झाली, म्हणून ते पुन्हा बदलले. आता तेथे ओल आहेच, शिवाय डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूलाही तेल दिसू लागले आहे आणि हँडब्रेक पूर्वीसारखा धरत नाही. दुसऱ्या वेळी सील बदलल्यावर गाडीचा मागचा भाग जॅकवर असतानाच तेल भरले गेले, असेही प्रश्नकर्त्याने जाता जाता नोंदवले आहे. निदानाच्या दृष्टीने हीच नोंद सर्वांत मोलाची आहे.

मूळचे सील वर्षानुवर्षे टिकले आणि त्याच जागी बसवलेले नवे सील काही महिन्यांत गळू लागले, तर दोष सीलचा असण्याची शक्यता फार कमी असते. सील म्हणजे फिरत्या धातूवर हलकेच टेकलेली रबराची लिप आणि तिला मागून आवळणारी बारीक स्प्रिंग, एवढीच त्याची रचना असते. आतला दाब वाढला, तेलाची पातळी चढली, शाफ्ट डगमगू लागला किंवा लिप जिथे टेकते तो पृष्ठभाग घासून खोलगट झाला, तर कितीही चांगले सील तेल अडवू शकत नाही. म्हणून तिसरे सील आणण्याआधी या चार गोष्टी तपासाव्यात, आणि त्यांतल्या पहिल्या दोन तपासायला गाडी खोलावीसुद्धा लागत नाही.

पहिली गोष्ट तेलाची पातळी. बहुतेक अ‍ॅक्सलमध्ये भरणीच्या छिद्राची खालची कड हीच योग्य पातळी असते, परंतु ती गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर उभी असतानाची. मागचा भाग उचलला की डिफरन्शियलचे नाक खाली झुकते, तेल पिनियनकडे सरकते आणि भरणीचे छिद्र मागच्या बाजूला असेल तर ते वर जाते. अशा स्थितीत छिद्रातून तेल बाहेर येईपर्यंत भरत राहिले, तर गरजेपेक्षा बरेच जास्त तेल आत जाते. हे जादा तेल पिनियनच्या सीलवर उभे राहते आणि अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून वाहत चाकांच्या टोकांपर्यंत पोहोचते. गाडी रोज एका बाजूला कलती उभी राहत असेल, तर खालच्या बाजूचे सील आधी भिजते. डाव्या चाकाची नवी गळती आणि जॅकवर भरलेले तेल यांचा मेळ इथे बसतो. गाडी सपाट जागी आणून, थंड झाल्यावर, भरणीचा प्लग उघडावा आणि खाली भांडे ठेवून जेवढे तेल आपोआप येईल तेवढे येऊ द्यावे; धार थांबून थेंब पडू लागले की प्लग लावावा. तेल पूर्ण बदलायचे असेल तेव्हाही नेहमी आधी भरणीचा प्लग सुटतो की नाही ते पाहावे आणि मगच खालचा काढावा, कारण जुन्या अ‍ॅक्सलवर वरचा प्लग गंजून घट्ट बसलेला असतो आणि तेल सांडून गेल्यावर हे लक्षात आले तर गाडी जागेवरच अडकते.

दुसरी गोष्ट ब्रीदर. अ‍ॅक्सलच्या नळीवर किंवा डिफरन्शियलच्या माथ्यावर लहानशी टोपी अथवा रबरी नळी असते आणि तिच्यातून आतली हवा बाहेर-आत करते. चिखल, गंज आणि रंगाचे थर बसून ती बुजते, आणि दिसायला इतकी क्षुल्लक असल्याने तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बंद हाउसिंगमधली (अ‍ॅक्सलच्या कवचातली) हवा 20 अंश सेल्सिअसवरून 80 अंशांवर गेली तर तिचा दाब सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे बाहेरच्यापेक्षा साधारण 0.2 बार जास्त होतो. लांबच्या प्रवासात एवढे तापमान सहज गाठले जाते. नवे सील हा दाब कदाचित सोसेल, पण जुने, कडक झालेले सील सोसणार नाही, आणि दाब सर्वांत दुबळ्या जागेतून वाट काढतो. गाडी थांबल्यावर याच्या उलट घडते. हवा आकुंचन पावते, आत पोकळी निर्माण होते आणि सीलच्या कडेने पाणी व धूळ आत ओढली जाते. काढलेले तेल दुधाळ दिसले तर ते पाणी बहुधा याच वाटेने शिरलेले असते. तपासणी सोपी आहे. चांगली धाव झाल्यावर, गाडी गरम असतानाच भरणीचा प्लग हळूहळू सैल करावा. फुस्स असा आवाज आला तर ब्रीदर बंद आहे असे समजावे. तो काढून रॉकेलमध्ये धुवावा, फुंकून पाहावा आणि त्याच्या खालचे छिद्र तारेने मोकळे करावे, मात्र तारेने सुटलेली घाण आत पडू देऊ नये.

हे दोन्ही झाल्यावर धुलाई. हे काम कंटाळवाणे असल्याने टाळले जाते आणि म्हणूनच निदान चुकते. अनेक वर्षांच्या तेलाचा आणि धुळीचा थर बसलेल्या अ‍ॅक्सलवर कोणती ओल नवी आणि कोणती जुनी हे कोणालाही सांगता येत नाही. डीग्रीझर आणि ब्रशने संपूर्ण हाउसिंग, पिनियनचे नाक, कव्हर, दोन्ही नळ्या आणि बॅकप्लेटची (ब्रेकमागच्या स्थिर थाळीची) आतली बाजू स्वच्छ करावी, कोरडी होऊ द्यावी आणि संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. मग पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून लगेच खाली पाहावे. पावडरवर तेलाचा माग स्पष्ट उमटतो. वाऱ्यामुळे तेल मागे जाते आणि वजनाने खाली उतरते, म्हणून सर्वांत पुढची आणि सर्वांत वरची ओली जागा हाच उगम असतो. ज्या बोल्टच्या टोकाला थेंब लोंबतो तो बोल्ट बहुधा निर्दोष असतो. पिनियनच्या फ्लँजमधून (प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागे आणणारा दांडा, जिला जोडतात त्या चकतीपासून) गळणारे तेल फिरण्याच्या वेगाने चहूकडे उडते आणि गाडीच्या तळावर, फ्लँजच्या बरोबर वर, आडवी पट्टी उमटवते. ती पट्टी दिसली तर गळती कव्हरची नसून पुढचीच आहे, याबद्दल शंका उरत नाही.

गळती पिनियनपाशीच निघाली तर सील काढण्याआधी फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावी. फिरवण्याच्या दिशेने थोडा प्ले असणे स्वाभाविक आहे, कारण तो क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठे दातेरी चाक) आणि पिनियनच्या दातांमधला असतो. पण फ्लँज आडवी किंवा उभी हलत असेल तर बेअरिंग गेले आहे किंवा त्याचा प्रीलोड (जोडतानाच दिलेला ताण) सुटला आहे, आणि अशा अवस्थेत केवळ सील बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस जॉइंटही त्याच वेळी तपासावेत, कारण झिजलेल्या जॉइंटची थरथर थेट सीलच्या लिपपर्यंत पोहोचते.

इथे एका बाबीवर जरा थांबायला हवे, कारण दोनदा बदललेल्या सीलचे गुपित अनेकदा येथेच असते. पिनियनची दोन बेअरिंगे ठरावीक ताणाने एकमेकांविरुद्ध दाबून ठेवलेली असतात. हा ताण काही अ‍ॅक्सलमध्ये घन स्पेसर (दोन बेअरिंगांमधली नळी) आणि शिम (पातळ चकत्या) यांनी ठरतो, तर अनेक अ‍ॅक्सलमध्ये नट आवळताना चेपत जाणाऱ्या पातळ नळीवजा स्पेसरने. पहिल्या प्रकारात नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कपर्यंत (फिरवण्याच्या जोरापर्यंत) आवळला की काम होते. दुसऱ्या प्रकारात मात्र नट सील बदलण्यासाठी सोडला आणि परत येईल तेवढा आवळला, तर स्पेसर आणखी चेपतो, बेअरिंगवरचा ताण वाढतो, ती तापतात, गुणगुणू लागतात आणि त्या उष्णतेने नव्या सीलची लिप लवकर कडक होते. नट थोडा सैल करून ही चूक निस्तरता येत नाही, कारण चेपलेला स्पेसर पुन्हा फुगत नाही. तेथे नवा स्पेसरच लागतो. उलट नट कमी आवळला गेला तर पिनियन डगमगतो आणि सील गळते. इम्पॅक्ट गनने नट आवळणाऱ्या हातांना या दोन्हींतला फरक जाणवणे शक्यच नसते.

योग्य पद्धत अशी. मागचे दोन्ही ड्रम काढावेत म्हणजे ब्रेकची घासण मोजमापात येणार नाही, प्रोपेलर शाफ्ट आणि फ्लँज यांच्यावर जुळणीची खूण करून शाफ्ट सोडावा, आणि नट तसाच ठेवून पिनियन फिरता ठेवायला किती टॉर्क लागतो ते लहान मापाच्या, काट्याच्या टॉर्क पान्याने मोजून लिहून ठेवावे. नव्या बेअरिंगवर हा आकडा बहुधा 2 ते 3 न्यूटन-मीटर असतो आणि जुन्यांवर त्याहून बराच कमी. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. त्यानंतर नट, पिनियनचे टोक आणि फ्लँज यांवर एका रेषेत पंचने खूण करावी आणि नटाबाहेर किती आटे दिसतात तेही मोजावे. जोडताना नट त्या खुणेपर्यंत आणावा, फिरवण्याचा टॉर्क पुन्हा मोजावा आणि आधीच्या आकड्याच्या किंचित वर येईपर्यंत अगदी थोडे थोडे आवळत जावे. प्रत्येक वेळी पिनियन काही फेरे फिरवून बेअरिंगचे रोलर जागेवर बसू द्यावेत. मुळात मोजलेला टॉर्क शून्यवत असेल किंवा फिरवताना खरखर जाणवत असेल, तर खुणेच्या पद्धतीला अर्थ उरत नाही आणि बेअरिंगे पाहण्यासाठी डिफरन्शियल खोलावेच लागते. प्रश्नातल्या गाडीत हा नट आधीच दोनदा सोडला-आवळला गेला असल्याने सध्याच्या मोजमापावर विसंबू नये, त्याची पुस्तिकेशी तुलना करावी.

फ्लँज पुलरने काढावी. हातोड्याने ठोकून काढली किंवा बसवली तर बेअरिंगच्या वाटीत रोलरचे ठसे उमटतात. काढलेली फ्लँज पुसून, सीलची लिप जिथे टेकते तिथे नख आडवे फिरवावे. नख अडकले तर तेथे खाच पडली आहे आणि नवे सील तिच्यावर टिकणार नाही. हलकी खाच असल्यास सील एक-दोन मिलिमीटर कमी-जास्त खोल बसवून लिपला नवा मार्ग देता येतो, मात्र असे करताना सीलमागचे तेल परतीचे छिद्र झाकले जाता कामा नये. खोल खाचेसाठी पातळ पोलादी दुरुस्ती-स्लीव्ह चढवणे किंवा फ्लँजच बदलणे हाच उपाय आहे. बारीक एमरी पेपरने पॉलिश करायचे असेल तर ते केवळ गोलाकार, शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेने करावे. लांबीच्या दिशेने पडलेले ओरखडे तेलाला बाहेर येण्याची आयती वाट करून देतात.

त्याच वेळी फ्लँजच्या आतले स्प्लाइन (दांड्यावर अडकणाऱ्या लांब खाचा) आणि नटाखालचा वॉशर पाहावा. सील उत्तम असूनही तेल स्प्लाइनमधून चढत नटाखालून बाहेर येते आणि फिरण्याच्या वेगाने पसरून सीलचीच गळती असल्याचा भास निर्माण करते. फ्लँजचा पुढचा वाडगा, म्हणजे नटाभोवतीची जागा, तेलाने भरलेली आणि सीलची बाहेरची बाजू मात्र तुलनेने कोरडी, असे दृश्य दिसले तर संशय स्प्लाइनवरच घ्यावा. स्प्लाइन आणि वॉशरची बसणारी बाजू तेलमुक्त करून त्यांवर न कडकणाऱ्या सीलंटचा पातळ थर दिला की ही गळती बंद होते. माझ्या मते दोनदा सील बदलून तिसऱ्यांदा गळणाऱ्या गाडीत, पातळी आणि ब्रीदर ठीक असतील तर, फ्लँज काढण्यापूर्वी ही शक्यता सर्वांत आधी पडताळावी. तिच्याकडे दुर्लक्ष होते, कारण फ्लँज काढताच तिचा पुरावा पुसला जातो.

जुने सील उपसताना हाउसिंगच्या बोअरवर स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा पडू देऊ नये. पिनियनच्या पुढच्या बेअरिंगकडे आलेले तेल खालच्या मार्गाने परत जाते; तो मार्ग गाळाने किंवा मागच्या दुरुस्तीतल्या सिलिकॉनच्या गोळ्यांनी बुजला असेल तर तेल सीलवर साचून राहते, म्हणून तो मोकळा आहे याची खात्री करावी. नव्या सीलच्या लिपवर गिअर ऑइल किंवा थोडे ग्रीस लावावे, स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी आणि सपाट रिंगने सर्व बाजूंनी सारखे ठोकून बसवावे. तिरके बसलेले सील पहिल्या दिवसापासून गळते. फार जुन्या गाड्यांत चामड्याचे सील असते. ते बसवण्यापूर्वी तेलात भिजवून मऊ करावे लागते.

आता डावे चाक. ड्रम काढण्यापूर्वी एक इशारा द्यायला हवा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे आतली धूळ हवेच्या दाबाने कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून पुसावी. आत दिसणारा द्रव गिअर ऑइलच आहे का, हे आधी ठरवावे. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि ते पाण्यावर तरंगते. सामान्य ब्रेक फ्लुइड पाण्यात मिसळून जाते, रंगावर पडल्यास रंग सोलते आणि व्हील सिलिंडरच्या (चाकातले ब्रेक शू ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) रबरी टोपीखाली सापडते. गळती सिलिंडरची असेल तर अ‍ॅक्सलला हात लावण्याचे कारणच नाही.

तेल अ‍ॅक्सलचेच निघाले तर शाफ्ट वर-खाली हलवून बेअरिंगचा खेळ पाहावा. शाफ्ट कसा निघतो हे रचनेवर अवलंबून असते. एका प्रकारात बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेले असते आणि बॅकप्लेटचे नट सोडून शाफ्ट स्लाइड हॅमरने बाहेर ओढता येतो. दुसऱ्यात डिफरन्शियलचे कव्हर उघडून आतली सी आकाराची क्लिप काढावी लागते. पहिल्या प्रकारातली दाबून बसवलेली कॉलर ड्रिलने अर्धवट छेदून छिन्नीने फोडावी, गॅस कटरची ज्योत शाफ्टला लावू नये, आणि कॉलर प्रत्येक वेळी नवीच वापरावी, कारण चाक बाहेर निसटू न देण्याचे काम तीच करते. दुसऱ्या प्रकारात बेअरिंगचे रोलर अनेकदा थेट शाफ्टवरच फिरतात, तेव्हा तिथले खड्डे आणि पापुद्रे नीट न्याहाळावेत. शाफ्ट परत घालताना त्याचे वजन हातावर तोलून धरावे; स्प्लाइनची धार नव्या लिपवरून घासत गेली तर सील बसवतानाच फाटते, आणि हे बाहेरून कधीच दिसत नाही. ज्या अ‍ॅक्सलमध्ये गाडीचे वजन शाफ्टवर नसून हबवर असते, त्यात हबच्या मागचे सील आणि शाफ्टच्या फ्लँजखालचे गॅस्केट अशा दोन जागा वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

तेलात भिजलेले ब्रेक शू बदलावेत. पेट्रोलने धुणे किंवा ज्योतीवर भाजणे हे उपाय मी सुचवणार नाही, कारण लायनर तापला की आत मुरलेले तेल पुन्हा पृष्ठभागावर येते आणि ऐन ब्रेकच्या वेळी गाडी एका बाजूला ओढते. शू दोन्ही बाजूंचे एकत्रच बदलावेत, ड्रम क्लीनरने धुवावेत आणि हँडब्रेकची जुळणी त्यानंतर करावी. तोपर्यंत ही गाडी वेगात चालवू नये आणि उतारावर केवळ हँडब्रेकच्या भरवशावर उभी करू नये.

कव्हरच्या गळतीचे कारण बहुतेक वेळा पत्र्याच्या कव्हरची वाकलेली कड असते; बोल्ट जास्त आवळल्याने छिद्रांभोवतीचा पत्रा आत ओढला जातो. ती सपाट लोखंडावर ठोकून सरळ करावी, नवे गॅस्केट लावावे आणि सिलिकॉन वापरायचे असेल तर पातळच वापरावे. हाउसिंगला तडा असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकण्याचा धोका असतो, म्हणून ते काम जाणकारावर सोपवावे.

तेल पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. हायपॉइड अ‍ॅक्सलसाठी (ज्यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून सरकवून बसवलेला असतो) ते बहुधा जीएल-5 दर्जाचे 80डब्ल्यू-90 असते आणि मोटारीला एक ते दोन लिटर पुरते. वर्म ड्राइव्हचे कांस्याचे चाक असलेल्या जुन्या अ‍ॅक्सलमध्ये मात्र हे तेल बिनविचार घालू नये, कारण त्यातली गंधकयुक्त द्रव्ये कांस्याला मारक ठरू शकतात. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलला (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देणाऱ्याला) अनेकदा वेगळे अ‍ॅडिटिव्ह लागते. गळती थांबवणारी द्रव्ये रबर फुगवून काही काळ दिलासा देतात, पण खाच, खेळ किंवा दाब यांपैकी कशावरही त्यांचा इलाज चालत नाही.

दुरुस्तीनंतर थोडे अंतर चालवून पिनियनच्या नाकावर हात ठेवून पाहावा. कोमट ते गरम असणे ठीक आहे. पण थोड्याच अंतरात हात ठेवता न येण्याइतके ते तापले असेल तर प्रीलोड जास्त झाला आहे, आणि गाडी पुढे न चालवता तो पुन्हा मोजावा. काही आठवड्यांनी सपाट जागी पातळी परत पाहावी. जुन्या अ‍ॅक्सलवर धूळ धरण्यापुरता तेलाचा पातळ थर दिसला, पण जमिनीवर थेंब पडत नसेल, ब्रेक कोरडे असतील आणि पातळी टिकून असेल, तर पिनियनचा नट पुन्हा सोडू नये.